उजेड हवा की पल्ला?

बोनस जमा झाला की आपल्यातले लोक तीनपैकी एक गोष्ट करतात. कुणी गोव्याचं तिकीट काढतं, कुणी क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी एकदाची मिटवून टाकतं, आणि कुणी लेन्सच्या मागे लागतं. पहिल्या दोघांचं चार दिवसांत उरकतं. तिसरा मात्र कामातून जातो. रात्री दोनपर्यंत रिव्ह्यू, लंचला तुलनेचे तक्ते, मीटिंगमध्ये मनातल्या मनात हिशेब. आणि एवढं करून शेवटी मेसेज येतोच, 'अरे, तूच सांग ना, दोन्हीतली कुठली घेऊ?'

गेल्या काही महिन्यांत हा मेसेज मला इतक्या वेळा आला की म्हटलं, कॉलममध्येच एकदाचा निकाल लावून टाकू.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्या 'दोन्ही' ठरलेल्याच असतात. कॅमेरा सोनीच्या ए६००० घराण्यातला. म्हणजे ए६१००, ए६४०० नाहीतर व्हिडिओवाल्यांची लाडकी झेडव्ही-ई१०. त्याच्यासोबत आलेल्या छोट्या १६-५० किट लेन्सचा कंटाळा आलेला असतो. आणि बजेटमध्ये बसणाऱ्या दोन लेन्स समोर असतात. एक सिग्माची १८-५० एमएम एफ २.८, जी २०२१ मध्ये आली. दुसरी सोनीची स्वतःची १८-१३५ एमएम एफ ३.५-५.६ ओएसएस, २०१८ सालची.

आता या दोघींची कुंडली मांडून बघा. सिग्माचं वजन २९० ग्रॅम, सोनीचं ३२५. फरक ३५ ग्रॅमचा, म्हणजे दोन-तीन बिस्किटांचा! फिल्टरचा आकार दोघींचा ५५ एमएम. सुरुवात दोघींची १८ पासून. अमेरिकेत बाजारात आल्या तेव्हा सिग्मा ५४९ डॉलरला होती, सोनी सुमारे ६०० ला. म्हणजे वजनावरून, आकारावरून, खिशावरून फैसला होत नाही. राहतो तो एकच सवाल. सिग्मा तुम्हाला उजेड देते, सोनी पल्ला देते. तुम्हाला काय हवंय?

आधी फंडा क्लिअर करू

एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्सची खिडकी मोठी. सिग्मा १८ वर असो की ५० वर, तिची खिडकी एफ २.८ वर उघडीच राहते. सोनी १८ वर एफ ३.५ पासून सुरू होते आणि झूम करत गेलात की मिटत मिटत ५.६ वर येते. २.८ आणि ५.६ मधला फरक ऐकायला दुप्पट वाटतो, पण उजेडाच्या हिशेबात तो चौपट आहे. जो फोटो सिग्मावर आयएसओ १६०० ला निघेल, त्याच शटर स्पीडला ५.६ वर ६४०० लागेल.

आता पल्ला. या कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणून आकड्यांना दीडने गुणायचं. सिग्मा होते २७-७५, सोनी होते २७ ते साधारण २००. सिग्मा जिथे थांबते तिथून सोनी आणखी २.७ पट जवळ जाते. 'मग काय झालं, नंतर क्रॉप करू की!' असं कुणीतरी म्हणतंच. करा ना. २४ मेगापिक्सेलचा फोटो ५० वर काढून १३५ इतका क्रॉप केलात तर हातात उरतात जेमतेम ३.३ मेगापिक्सेल, म्हणजे साधारण २२०० बाय १४८० पिक्सेल. इन्स्टाग्रामला तेवढे पुरून उरतात. पाच बाय सातची प्रिंटसुद्धा छान येते. पण भिंतीवर मोठी फ्रेम लावायचं स्वप्न असेल तर ते तिथेच संपलं.

म्हणजे पल्ल्याची कमी थोडीफार क्रॉपने भागते, आणि उजेडाच्या कमीमुळे आलेले दाणे आजकालची सॉफ्टवेअर बऱ्यापैकी पुसून टाकतात. मग खरा फरक कुठे पडतो?

भिंत हलत नाही, माणसं हलतात

सोनीच्या नावात ते 'ओएसएस' आहे ना, त्याने भलेभले गोंधळतात. ही थरथर मारणारी सोय आहे. तुमचा हात हलला की लेन्समधला काचेचा एक गट उलट्या दिशेने सरकतो आणि चित्र जागच्या जागी धरून ठेवतो. सिग्मात ही सोय नाही. आणि ए६१००, ए६४००, झेडव्ही-ई१० यांच्या बॉडीतही नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे ए६४०० आहे. ती परवा माझ्या डेस्कवर येऊन बसली. निर्णय घेऊनच आली होती.

'माझे घरातले फोटो जाम हलतात यार. सोनीच घेते. ओएसएस आहे, म्हणजे हलायचा प्रश्नच मिटला.'

'आधी फोटो दाखव,' म्हटलं.

तिच्या आजीचा फोटो होता. आजी ८६ वर्षांच्या, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडतायत. वर एक ट्यूबलाइट. मागच्या फडताळातल्या डब्यांवर चिकटवलेली नावं वाचता येत होती, डाळ, पोहे, साबुदाणा, सगळं लख्ख. आजींचे दोन्ही हात मात्र धुरासारखे.

'हा तू हलल्यामुळे बिघडलेला नाही,' म्हटलं. 'तू हलली असतीस तर डबेसुद्धा हलले असते. आजी हलल्यात.'

तिने झूम करून बघितलं. मग पुढचा फोटो, मग त्याच्या पुढचा. सगळीकडे तेच. भांडी शार्प, आजी धूसर. शटर स्पीड बघितला तर १/३०. किट लेन्स पूर्ण झूम केलेली, म्हणजे खिडकी ५.६ वर. गंमत अशी की तिच्या त्या किट लेन्समध्येही ओएसएस आहेच! त्याने आपलं काम चोख केलं होतं. डबे स्थिर ठेवले होते. पण ओएसएस तुमचा हात सांभाळतं, समोरच्याचा नाही.

त्याच खोलीत, त्याच ट्यूबखाली, त्याच आयएसओला एफ २.८ वर शटर १/३० चा जवळपास १/१२५ होतो. आयएसओ एक पायरी वाढवला की १/२५०. मग मेथीचं पान तोडणारी बोटं दिसतात.

'आजीला सांगू का, जरा हात थांबव म्हणून?' तिने विचारलं.

'सांग ना. थांबवतील. पण मग तो मेथी निवडण्याचा फोटो राहणार नाही, फोटोसाठी मेथी हातात धरलेल्या आजींचा होईल.'

ती काही बोलली नाही. फोन घेऊन गेली.

मग सिग्माच का? थांबा जरा!

हे वाचून लगेच ऑर्डर टाकू नका, कारण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. समजा तुम्ही अजिंठ्याला गेलात. लेण्यांत अंधुक उजेड, फ्लॅशला मनाई, ट्रायपॉड आत सहज नेता येत नाही. अशा ठिकाणी 'कमी उजेड म्हणजे एफ २.८' हा सरधोपट सल्ला आपटतो. भिंतीवरचं चित्र शेकडो वर्षं जागचं हललेलं नाही. ते तुमच्या फोटोसाठीही हलणार नाही! इथे फक्त तुमचा हात सांभाळायचाय.

हात न हलता फोटो निघण्याचा ढोबळ नियम असा, की एमएमला दीडने गुणायचं आणि तितक्या भागाचा सेकंद शटरला ठेवायचा. सिग्मा १८ वर असेल तर साधारण १/३०. सोनी ओएसएसच्या जोरावर १/८ पर्यंत सहज जाते. खिडकी लहान असल्यामुळे तिचा थोडा उजेड कमी होतो, पण शटर चौपट वेळ उघडं राहतं. गोळाबेरीज केली तर स्थिर बॉडी नसलेल्या कॅमेऱ्यावर अजिंठ्यात सोनी सिग्माच्या दुपटीहून जास्त उजेड गोळा करते. आहे की नाही मजा?

म्हणजे प्रश्न 'अंधारात फोटो काढता का?' हा नाहीच. प्रश्न आहे, अंधारात तुमच्यासमोर काय असतं? वास्तू, मूर्ती, रात्रीचा रस्ता असेल तर सोनी. आजी, भाचा, दोस्त मंडळी असतील तर सिग्मा.

अर्थात बॉडीतच थरथर मारायची सोय असेल, म्हणजे ए६५००, ए६६०० किंवा २०२३ ची ए६७००, तर हा सोनीचा फायदा बराचसा संपतो आणि उरतो फक्त पल्ला. आणि चालता-बोलता हातात धरून व्हिडिओ काढणाऱ्या झेडव्ही-ई१० वाल्यांसाठी उलटं. तुम्हाला ओएसएसची गरज फोटोवाल्यांपेक्षा जास्त आहे.

'पोर्ट्रेट म्हणजे २.८च' ही अफवा

दुकानात हमखास ऐकू येणारं हे वाक्य. मागचं सगळं छान विरघळलेलं हवं असेल तर मोठं ॲपर्चर हवं, असं सांगतात. अर्धं खरं आहे. लांबची पार्श्वभूमी किती विरघळेल हे एफच्या आकड्यापेक्षा काचेच्या खिडकीच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं, आणि तो व्यास काढायचा तर एमएमला एफच्या आकड्याने भागायचं. सिग्मा ५० ला २.८ वर, म्हणजे सुमारे १८ एमएम. सोनी १३५ ला ५.६ वर, म्हणजे २४ एमएम! चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवलात तर लांबची झाडं-इमारती सोनीच जास्त विरघळवते.

मेख एवढीच की त्यासाठी तुम्हाला २.७ पट मागे जावं लागतं. बागेत, गडावर, समुद्रावर बिनधास्त जा. वन बीएचकेच्या हॉलमध्ये मात्र मागे जाता जाता शेजाऱ्यांच्या घरात पोहोचाल.

आणि एफ २.८ चीही एक खोड लक्षात ठेवा. ५० एमएमला एक मीटरवरून फोटो काढलात तर शार्प पट्टा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा मिळतो. डोळे शार्प, कान धूसर. बारशाच्या ग्रुप फोटोत दोन रांगा असतील तर आकडा ५.६ वर न्या, नाहीतर मागच्या रांगेतल्या आत्या वर्षभर ऐकवतील.

पाय कुठे चालतात, कुठे नाही

'झूम काय करायचाय, दोन पावलं पुढे जा' हा फोटोग्राफीतला जुना उपदेश. घरात, कॅफेत, गल्लीत तो लागू पडतो. पण काही ठिकाणी पुढे जाता येत नाही, आणि काही ठिकाणी जाऊच नये.

कासचं पठार घ्या. कागदावर सिग्मा इथली राणी वाटते, कारण १८ वर ती सेन्सरपासून १२.१ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करते. सोनीला किमान ४५ सेंटिमीटर लागतात. पण १२ सेंटिमीटर म्हणजे काचेच्या पुढे उरतात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. तेवढं जवळ जायचं तर वाट सोडून फुलांत आडवं व्हायचं, आणि एका सीतेच्या आसवांच्या फोटोपायी शेजारची पन्नास चिरडायची. तिथे वाटेवर उभं राहून १३५ वरून फोटो काढणाराच शहाणा. फुलपाखरांचंही तेच.

शाळेचं गॅदरिंग हे दुसरं ठिकाण. लेक स्टेजवर कोळीनृत्य करतेय आणि तुम्ही पंधराव्या रांगेत. पुढे जाऊन उभे राहिलात तर मागचे पालक काय बोलतील ते इथे छापता येणार नाही. स्टेजवर दिवे भरपूर असतात, आयएसओ चढवून ५.६ वर काम भागतं. सिग्मावर मात्र लेक ठिपक्याएवढी.

फक्त एक गैरसमज नको. भिगवणचे फ्लेमिंगो डोळ्यांसमोर ठेवून १८-१३५ घेत असाल तर निराश व्हाल. पक्ष्यांना १३५ पुरत नाही. त्यासाठी सोनीची ७०-३५० सारखी वेगळी लेन्स लागते, आणि त्यासाठी पुढच्या बोनसची वाट बघावी लागते.

जुने फोटो बोलतात

तर मंडळी, रिव्ह्यू बंद करा आणि एका रविवारी गेल्या वर्षभराचे स्वतःचे फोटो उघडा. चांगले नकोत, बिघडलेलेच बघा. माणूस धूसर पण मागची भिंत शार्प, असे जास्त असतील तर उजेड कमी पडतोय, सिग्मा घ्या. सगळंच हललेलं असेल तर हात थरथरतोय, ओएसएस कामाला येईल. फोटो स्वच्छ आहे, पण हवी ती गोष्ट कोपऱ्यात मुंगीएवढी, असे ढीगभर निघाले तर पल्ला कमी पडतोय, सोनी घ्या. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती एमएमवर काढला तेही असतं. बहुतेक फोटो ५० वर येऊन आपटलेले दिसले तर तुम्ही नकळत आणखी पुढे जायला बघत होतात.

माझं मत विचाराल तर नोकरी करणाऱ्या बहुतेकांना मी सिग्माच सांगेन. आपला दिवसाचा उजेड ऑफिसात जातो. आपल्या माणसांना आपण भेटतो ते संध्याकाळी सातनंतर, ट्यूबखाली, जेवणाच्या टेबलाभोवती, आणि ती माणसं स्थिर बसत नाहीत. गड पुढच्या वर्षीही तिथेच असेल. पण ज्यांचे शनिवार-रविवार खरोखरच घाटात जातात, किंवा ज्यांची मुलं स्टेजवर असतात, त्यांनी माझं ऐकू नये. सोनी घ्यावी आणि खुश राहावं.

'मग टॅमरॉनची १७-७० एफ २.८ का नको? त्यात स्थिरतेचीही सोय आहे,' असं विचारणारे चाणाक्ष वाचक असतीलच. लेन्स झक्कास आहे. पण वजन ५२५ ग्रॅम आणि किंमतही जास्त. ए६४०० स्वतः बॅटरी धरून ४०३ ग्रॅमचा. कॅमेऱ्याहून लेन्स जड झाली की ती हळूहळू कपाटात राहायला लागते.

जाता जाता खरेदीच्या चार टिपा. मुंबईकर असाल तर फोर्टमधल्या बोरा बझार स्ट्रीटवर एक चक्कर टाका, कॅमेऱ्याची दुकानं रांगेने आहेत. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही मागून घ्या, 'बिनबिलाचं स्वस्तात देतो' या प्रेमळ ऑफरला नम्र नकार द्या. सोनीची १८-१३५ ए६४०० सोबत किटमध्येही विकली जाते, त्यामुळे ती सेकंडहँडही मिळते. अशी घेताना काचेत टॉर्च मारून बघा, आपल्या पावसाळ्यात आत बुरशी धरते. नवी घेतलीत तरी जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि स्वतःचा कॅमेरा दुकानात घेऊन जा. दोन्ही लेन्स आलटून पालटून लावा, दुकानदार नोटा मोजत असेल तेव्हा त्याच्या हातांचा फोटो काढा, मग दाराशी उभं राहून समोरच्या इमारतीवरच्या पाटीचा. दोन्ही फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे मोजा.

मैत्रिणीने काय घेतलं? सिग्मा. अजिंठा तिच्या यादीत अजून आहे, तिथे ती जुनी किट लेन्स नेणार म्हणते. ओएसएस आहे ना त्यात!